मधला कप्पा

आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर, पंपाच्या खोलीला लागून एक लोखंडी कपाट आहे. दर रविवारी दहा ते बारा मी ते उघडून बसते. कप्पे तीन. खाली चित्रपुस्तकं, वर मोठ्यांच्या कादंबऱ्या आणि मध्ये साधारण नऊ ते तेरा वयाच्या मुलांची पुस्तकं. खालच्या कप्प्यातल्या बहुतेक पुस्तकांना सेलोटेपच्या पट्ट्या आहेत. एकाच्या मुखपृष्ठाचा कोपरा तर एका दीड वर्षाच्या वाचकाने खाल्लेला आहे. वरचा कप्पा आज्या आणि निवृत्त काकामंडळी हलता ठेवतात. मधला मात्र कोराकरकरीत. 'हल्लीची मुलं वाचतच नाहीत' असं कुणी म्हटलं, की मी त्यांना वाकून खालचा कप्पा बघायला लावते. मुलं वाचतात. सात-आठ वर्षांपर्यंत हावरटासारखी वाचतात. मग मधल्या कप्प्यापाशी येऊन थबकतात.

खालच्या कप्प्याचं बरं चाललंय याचं मोठं श्रेय माधुरी पुरंदरे यांचं. त्यांच्या आधी मराठी मुलांच्या पुस्तकांत चित्रं नव्हती असं नाही. पण बहुतेकदा गोष्ट आधी लिहून व्हायची आणि चित्रकाराच्या वाट्याला उरलेली जागा यायची. मजकुरात कावळा झाडावर बसला, की शेजारी झाडावर बसलेला कावळा. चित्र झाकलं तरी वाचणाऱ्याचं काही अडायचं नाही. पुरंदरे जे. जे.मध्ये चित्रकला शिकल्या. लिहितात त्याच आणि रेखाटतातही त्याच. त्यामुळे चित्राने काय सांगायचं आणि शब्दांनी कुठे गप्प बसायचं, हे एकाच टेबलावर ठरतं. 'राधाचं घर'मध्ये आई, बाबा, आजी, आजोबा अशी घरातलीच माणसं आहेत. परी नाही, राक्षस नाही, तात्पर्य तर नाहीच नाही. 'चित्रवाचन' हे पुस्तक नावाप्रमाणेच चित्रं वाचायचं. चार वर्षांचं मूल चित्रातल्या एकेका माणसावर बोट ठेवून त्याची हकिगत सांगत बसतं. पान उलटायची घाई असते ती शेजारच्या मोठ्या माणसाला. पुरंदऱ्यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. मी तो आणखी दहा वर्षं आधी दिला असता.

पुस्तकं परवडत नाहीत अशी अडचण सांगणाऱ्यांना मी 'प्रथम बुक्स'कडे धाडते. २०१५पासून त्यांच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर चित्रकथा फुकट वाचता येतात, उतरवून छापता येतात, आणि मराठीतल्याही पुष्कळ आहेत. सगळ्यांची भाषा सारखी नाही. काहींची मराठी भाषांतरं अंगात खळ घातलेल्या कापडासारखी ताठ आहेत, तेव्हा आधी स्वतः मोठ्याने वाचा आणि मगच मुलाच्या हातात द्या.

आता मधला कप्पा. इथे मुलाला तीन धक्के एकदम बसतात. चित्रं नाहीशी होतात, टाइप बारीक होतो आणि पुस्तकातली मराठी अचानक आजोबांच्या काळातली होते. त्यातच घरचे लोक म्हणतात, आता इंग्रजी वाच, उपयोगी पडेल. शिवाय मोठी माणसं यादी करतात ती स्वतःच्या लहानपणाची. परवा एका आजोबांनी हौसेने तीस पुस्तकांची यादी आणून दिली. त्यातलं एकही पुस्तक त्यांच्या मॅट्रिकनंतरचं नव्हतं.

जुनं सगळं टाकाऊ आहे असं मात्र मुळीच नाही. पाचवीतली एक मुलगी पुस्तक परत करताना मला म्हणाली, "मावशी, तार आली म्हणजे कसली वायर आली?" पण पुस्तक तिने शेवटपर्यंत वाचलं होतं. मग मी तिला फास्टर फेणे दिला. फेणेचे लेखक भा. रा. भागवत यांचा जन्म १९१०चा. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणता आणता कथेला वेग कसा द्यायचा ते त्यांच्या हातात बसलं असावं. फुरसुंगीचा किडकिडीत बनेश फेणे, त्याचं विद्याभवन, सायकल आणि जिभेने काढलेला तो 'ट्टॉक्'. पुस्तकं एकंदर वीस. १९८७मध्ये दूरदर्शनवर सुमीत राघवनने केलेला फेणे शाळकरीच होता. २०१७च्या चित्रपटात मात्र तो मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला पुण्यात येणारा तरुण झाला. अमेय वाघने झकास काम केलं, पण बारा वर्षांच्या मुलाला नायक करायला आपण कचरतो, हे तिथेही दिसलंच. त्याच चित्रपटात भागवतांची भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केली आहे. 'बोक्या सातबंडे' लिहिणारेही तेच. फेण्याला कंटाळलेल्यांना मी बोक्या देते, कारण तो पराक्रम न करता नुसत्या उचापती करतो.

'श्यामची आई' नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात सोडून देऊ नये, असं माझं मत. साने गुरुजींनी ते १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. श्याम एकेका रात्री मित्रांना आठवणी सांगतो, अशीच त्याची बांधणी आहे. रोज एक रात्र, दिवा मंद करून, घरच्याच कुणीतरी वाचावी. मूल स्वतः वाचायला लागलं म्हणून आपण त्याला वाचून दाखवणं बंद करतो. ही घाई कशाला?

या कप्प्यातलं माझं सर्वांत लाडकं पुस्तक जपानी आहे. तेत्सुको कुरोयानागीचं 'तोत्तोचान', मराठीत चेतना सरदेशमुख गोसावी यांनी आणलेलं. शाळेतून काढून टाकलेली ही पोर नव्या शाळेत जाते. तिथे वर्ग भरतात आगगाडीच्या डब्यांत. मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी चार तास तिचं बोलणं ऐकून घेतात. पुढे तिचं पैशांचं पाकीट शौचकूपात पडतं. ती मागचं झाकण उघडून लांब दांड्याच्या डावाने मैला उपसत सुटते. कोबायाशी येतात, काय चाललंय ते विचारतात आणि झाल्यावर सगळं परत आत टाक एवढं सांगून निघून जातात. पाकीट सापडत नाही. हे प्रकरण मी वाचून दाखवते तेव्हा मुलं नाकं दाबून हसतात आणि आया गंभीर होतात. प्रकरणं दोन-तीन पानांची आहेत, त्यामुळे चित्रपुस्तकातून नुकतंच बाहेर पडलेलं मूल दमत नाही. आतली चिहिरो इवासाकींची चित्रं तर पुस्तकाआधीची. त्या १९७४मध्ये वारल्या आणि पुस्तक आलं १९८१मध्ये. कुरोयानागींनी त्यांच्या संग्रहातून ती निवडली. तरी ती याच मुलीसाठी काढल्यासारखी वाटतात.

नव्या मराठीतही आहे, फक्त शोधावं लागतं. ल. म. कडू यांची 'खारीचा वाटा' ही कादंबरी घ्या. गाव धरणाखाली जायचं आहे आणि ते आपण एका मुलाच्या नजरेने पाहतो. इथे लेखक रडत नाही, म्हणून वाचणारा हलतो. २०१७चा अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार तिला मिळाला. संगीता बर्वे यांची 'पियूची वही' (२०२२चा पुरस्कार) नावाप्रमाणे वही आहे, त्यामुळे कादंबरीला बिचकणारी मुलंही ती उचलतात. भारत सासणे २०२२मध्ये उदगीरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांच्या 'समशेर आणि भूतबंगला'ला २०२४चा पुरस्कार आहे. मोठ्या कथाकाराला मुलांसाठी रहस्यकथा लिहिताना कमीपणा वाटला नाही, याचं मला अप्रूप आहे. पुरस्काराची पुस्तकं दुकानात मिळतात असं मात्र समजू नका. एका पुस्तकासाठी मी तीन दुकानं पालथी घातली. चौथ्या दुकानातल्या माणसाने मला 'अभ्यासाचं आहे का?' असं विचारलं.

बारा-तेराव्या वर्षी शांता शेळक्यांची 'चौघीजणी' द्यावी. प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'मधला लंपनही तेव्हाच. त्याचं कानडी वळणाचं मराठी पहिली दहा पानं अडवतं, मग सोडवत नाही. मासिकांपैकी 'बालभारती'चं 'किशोर' १९७१पासून चालू आहे. जुने अंक इंटरनेटवर फुकट आहेत. आमच्याकडे त्याचे गठ्ठे पुस्तकांपेक्षा जास्त फिरतात.

'तार' विचारणारी ती मुलगी आता चौदाव्या फेण्यावर आहे. सहा उरलेत. तिला पुढे काय द्यावं हे कुणाला सुचत असेल, तर जरूर कळवा. फक्त पुस्तक गेल्या दहा वर्षांतलं असावं, आणि दुकानात मिळणारं.