वळणावरचे भोवरे आणि डीन संख्येचा घोळ

चहा ढवळून चमचा काढला की पत्ती कपाच्या कडेला न जाता तळाशी मधोमध गोळा होते. नदीला वळणं का पडतात हे सांगताना आइनस्टाइन यांनी १९२६ मध्ये हेच उदाहरण घेतलं होतं. वक्र चॅनेलमधल्या दुय्यम प्रवाहामागेही हेच कारण आहे.

वळणावर मधलं पाणी वेगात असतं, म्हणून ते बाहेरच्या भिंतीकडे रेटलं जातं आणि तिथला दाब वाढतो. वरच्या-खालच्या भिंतींलगतचं पाणी घर्षणामुळे संथ असतं. त्याला हा दाब आत ढकलतो. मधून बाहेर, कडेने आत, असे उलटसुलट फिरणारे दोन भोवरे तयार होतात. जॉन युस्टिस यांनी १९१०-११ मध्ये वाकड्या नळ्यांत रंग सोडून असे प्रयोग केले. डीन यांनी १९२७-२८ मध्ये त्याचं गणित मांडलं.

आता घोळ कुठे होतो ते बघा. डीन संख्या म्हणजे रेनॉल्ड्स संख्या गुणिले वक्रतेच्या गुणोत्तराचं वर्गमूळ. पण हे गुणोत्तर कोणी चॅनेलचा व्यास भागिले वळणाची त्रिज्या असं घेतं, तर कोणी भागिले त्रिज्येची दुप्पट. समजा, चॅनेल १ मिमी चौरस, वळणाची त्रिज्या १० मिमी, रेनॉल्ड्स संख्या १००. पहिल्या व्याख्येने डीन संख्या सुमारे ३२ येते, दुसऱ्या व्याख्येने सुमारे २२. प्रयोग तोच!

डीन संख्या वाढत गेली की चौकोनी चॅनेलमध्ये बाहेरच्या भिंतीजवळ भोवऱ्यांची आणखी एक जोडी दिसू शकते. ती कधी दिसते याचे आकडे व्याख्या न तपासता जुळवले, तर नसलेला फरक 'शोध' म्हणून लिहिला जाईल.

मोजमापातही एक अडचण आहे. आडव्या छेदात लेझरचा पातळ पडदा टाकला, तर मुख्य प्रवाह कणांना झटकन पडद्याबाहेर नेतो. दुय्यम वेग त्यापेक्षा बराच कमी असतो. शिवाय एकाच कॅमेऱ्याला कणांचं पुढे जाणं बाजूला सरकल्यासारखं दिसू शकतं. म्हणून दोन कॅमेरे कोनात लावून वेगाचे तिन्ही घटक मोजतात.

तेव्हा पेपर वाचताना वहीत तीन रकाने आखा: डीन संख्येची व्याख्या, छेदाचा आकार, आणि वळण सुरू झाल्यापासून किती अंशांवर मोजलं. हे तिन्ही जुळले, की मगच आपला आलेख त्यांच्या आलेखाशेजारी ठेवा.