जैवइंधन : पर्यावरणाच्या खात्यातील जमा आणि खर्च

पंपावर आपल्या गाडीत आज जे पेट्रोल पडते, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा पेट्रोल नसतो. ऊस, मका किंवा तांदूळ यांपासून काढलेले इथेनॉल त्यात मिसळलेले असते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट सरकारने २०१८ च्या धोरणात २०३० सालासाठी ठेवले होते. पुढे ती मुदत अलीकडे आणली गेली आणि २०२५ मध्ये उद्दिष्ट गाठलेही गेले. हे ‘हिरवे इंधन’ आहे, असे आपण रोज ऐकतो. पण व्यापारी माणूस नुसत्या विक्रीवर नफा ठरवत नाही. माल कितीला पडला, हे तो आधी पाहतो. जैवइंधनालाही आपण हाच हिशेब लावून पाहू.

जमेची बाजू

खनिज तेल लाखो वर्षे जमिनीखाली गाडलेले होते. ते जाळले की त्यातील कार्बन हवेत नव्याने भर घालतो. वनस्पती वाढताना हवेतूनच कार्बन घेते. तिच्यापासून केलेले इंधन जळाले की तोच कार्बन परत हवेत जातो. उसने घेतले, परत केले, असा हा व्यवहार आहे. शिवाय इथेनॉलमुळे पेट्रोलच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड कमी होतो. तेलापासून केलेल्या बायोडिझेलमध्ये गंधक जवळपास नसतेच आणि त्याची काजळीही कमी असते. देशाला लागणाऱ्या खनिज तेलाचा बहुतांश भाग परदेशातून येतो, म्हणून परकीय चलनही काही प्रमाणात वाचते. ही सारी जमा खरी आहे.

खर्चाची बाजू

मात्र पीक आपोआप उगवत नाही. त्याला पाणी, खत, डिझेल आणि जमीन लागते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले आहे की, उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. स्कूटरमध्ये पाच लिटर पेट्रोल भरले, तर त्यात एक लिटर इथेनॉल असते. ते उसाचे असेल तर त्याच्यामागे एवढे पाणी शेतात गेलेले असते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली, तेव्हा तिच्यात पाच लाख लिटर पाणी होते. उसाच्या हिशेबाने ते पाणी जेमतेम १७५ लिटर इथेनॉलचे होते!

येथे एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. साखर काढून झाल्यावर उरलेल्या मळीपासून इथेनॉल केले, तर त्यासाठी जादा ऊस लावावा लागत नाही. थेट उसाच्या रसापासून केले, की ऊस इंधनासाठीच लावल्यासारखे होते. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडण्याच्या भीतीने सरकारने रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ते उठवले. ताटातले अन्न आणि टाकीतले इंधन एकाच शेतातून घेतले, की अशी ओढाताण होणारच.

डिस्टिलरीच्या सांडपाण्याचीही नोंद खर्चातच करावी लागेल. मळीपासून एक लिटर इथेनॉल काढताना साधारण आठ ते पंधरा लिटर गडद तपकिरी पाणी उरते. ते तसेच नदीनाल्यात गेले तर पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. त्यापासून बायोगॅस वा खत करता येते, किंवा ते आटवून बॉयलरमध्ये जाळता येते. नियमही हे पाणी कारखान्याबाहेर सोडू नये असाच आहे. प्रश्न तो पाळण्याचा आहे. साखर कारखान्याचा बॉयलर उसाच्या भुशावर चालतो, ही जमेची गोष्ट. धान्यावर चालणारी डिस्टिलरी जर दगडी कोळसा जाळत असेल, तर बचतीचा मोठा भाग तेथेच खर्ची पडतो.

आपल्या धंद्यावर परिणाम

पाणी टंचाईचे पाहून मक्याकडे वळावे, तर त्याची झळ आपल्याच बांधवांना लागते. कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून अधिक मका असतो. इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढली आणि २०२४ मध्ये देशाला मका आयात करावा लागला. पोल्ट्रीवाला, चिकन विक्रेता आणि बिर्याणीवाला यांच्यापर्यंत हा भाव पोचतोच.

तीच गोष्ट पामतेलाची. फरसाण, बेकरी आणि साबण या धंद्यांत वापरले जाणारे पामतेल मुख्यतः इंडोनेशिया व मलेशियातून येते. इंडोनेशियाने २०२५ पासून डिझेलमध्ये ४० टक्के पाम बायोडिझेल मिसळण्याचे धोरण घेतले. जितके तेल तेथे गाड्यांत जाईल, तितके बाजारात कमी येईल. तेथे पामच्या मळ्यांसाठी जंगले तोडली गेली, दलदलीची जमीन सुकवली गेली. अशा जमिनीत साठलेला कार्बन सुकल्यावर आणि पेटल्यावर हवेत जातो. २०१५ च्या वणव्यांचा धूर सिंगापूर व मलेशियापर्यंत पोचला होता. या सर्व जंगलतोडीचे कारण बायोडिझेल नाही. पण मागणी वाढवण्यात त्याचाही वाटा आहे. म्हणूनच युरोपीय संघाने पामतेलाच्या इंधनाला २०३० पर्यंत टप्प्याटप्प्याने रजा देण्याचे ठरवले.

टाकाऊतून टिकाऊ

मग हिशेब फायद्याचा कोठे ठरतो? जे आधीच वाया गेले आहे, त्यापासून इंधन केले तेथे. तळणाचे वापरलेले तेल हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. त्यासाठी नवी जमीन लागत नाही, की पाटाचे पाणी लागत नाही. युरोपीय संघाच्या गणनेनुसार अशा तेलाच्या बायोडिझेलमुळे हरितगृह वायूंत ८० टक्क्यांहून अधिक बचत होते. कृती साबणवाल्यांना ओळखीची वाटेल. तेल गाळून, पाणी काढून त्यात मिथेनॉल आणि कॉस्टिक मिसळतात. वर बायोडिझेल राहते आणि खाली ग्लिसरीन बसते. मात्र मिथेनॉल विषारी व ज्वालाग्राही आहे. हा उद्योग परवान्याचा आहे, घरामागच्या पत्र्याच्या शेडचा नव्हे.

आज बऱ्याच ठिकाणी या तेलाचे काय होते, ते आपण जाणतो. मोठ्या हॉटेलचे जळके तेल लहान गाडीवाला स्वस्तात घेतो आणि त्यातच पुन्हा तळतो, नाहीतर ते गटारात ओतले जाते. पहिल्या प्रकारात गिऱ्हाइकाचे आरोग्य जाते, दुसऱ्यात गटार तुंबते.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे नियम यासाठीच आहेत. जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलात ‘टोटल पोलर कंपाउंड्स’, म्हणजे वारंवार तापवल्याने तयार होणारे घटक, २५ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नयेत. त्याच वर्षी प्राधिकरणाने वापरलेले तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याची ‘रुको’ ही मोहीम सुरू केली. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणासाठी वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवून ते अधिकृत संकलकालाच द्यावे लागते.

आमची आपल्या व्यापारी बांधवांना सूचना एवढीच :

१. वापरलेले तेल थंड करून, गाळून, झाकणाच्या डब्यात वेगळे ठेवा. त्यात पाणी जाऊ देऊ नका; पाण्याने भाव पडतो.

२. संकलकाची प्राधिकरणाकडील नोंदणी पाहा आणि दर वेळी पावती घ्या. तपासणी आली तर तीच पावती कामी येईल.

३. एकट्याचे तेल थोडे असेल, तर एका गल्लीतील पाच-सहा दुकानदारांनी मिळून गाडी बोलवावी.

४. ट्रकवाल्यांनी रस्त्याकडेला ‘बायोडिझेल’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त मालापासून दूर राहावे. भेसळीच्या मालाने इंजिन बिघडते आणि धूरही वाढतो. खऱ्या बायोडिझेलला आय.एस. १५६०७ हे मानक लागू आहे. त्याचे प्रमाणपत्र मागा.

तळणाच्या तेलाने साऱ्या देशाची डिझेलची गरज भागणार नाही, हे उघड आहे. पण ज्या इंधनाच्या खात्यात जमा जास्त आणि खर्च कमी, असे इंधन आपल्याच कढईच्या तळाशी पडून आहे. ते गाडीवाल्याला विकून मिळणारे चार पैसे जास्त असतीलही. पण त्या तेलात तळलेली भजी कोणाची मुले खातात, हेही त्याच वहीत लिहिले पाहिजे.