‘दिसलं नाही’ म्हणजे ‘नाही’ का?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, ‘‘वडिलांना अन्ननलिकेचा कॅन्सर आहे. केमोथेरपी, रेडिएशन झालं. आता पेट स्कॅनमध्ये काही दिसत नाही. मग ऑपरेशन कशाला?’’ आम्ही डॉक्टर नाही, तत्त्वज्ञानाचे मास्तर. पण प्रश्न ‘न दिसण्या’चा आहे, म्हणून आज तो घेऊ.

कुमारिल भट्टांचे मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात. ओट्यावर घडा दिसत नाही, म्हणजे तो तिथं नाही. पण एक अट आहे: असता तर दिसलाच असता, अशी स्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

ही अट तपासण्यांना लावून पाहू. कॅन्सर आहे हे ठरतं एंडोस्कोपीत काढलेल्या तुकड्यावरून. तो कुठवर पसरला, हा पुढचा प्रश्न. सीटी स्कॅन यकृत, फुप्फुसं दाखवतो. पण अन्ननलिकेच्या भिंतीचे थर त्याला नीट वेगळे दिसत नाहीत. ते दिसतात दुर्बिणीतून केलेल्या अल्ट्रासाऊंडमध्ये. मात्र गाठीनं नळी फार अरुंद झाली, तर ती दुर्बीणच पुढे जात नाही. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी साखर टोचतात. ती जास्त ओढणाऱ्या पेशी उजळतात. सीटीत निसटलेला दूरचा प्रसार त्यात कधी कधी सापडतो आणि व्यर्थ ऑपरेशन टळतं.

पण रेडिएशननं सुजलेली अन्ननलिकाही साखर ओढते. म्हणजे उजळलं ते सगळं कॅन्सर नव्हे. उलट, उरलेल्या पेशींचा बारीक पुंजका उजळतच नाही. इथं आपली अट मोडते.

मग ऑपरेशन करायलाच हवं का? तसंही नाही. नेदरलँड्समधल्या ‘सानो’ चाचणीत, उपचारांनंतर कॅन्सर न सापडलेल्या काही रुग्णांना देखरेखीखाली ठेवलं. कॅन्सर परतला तरच ऑपरेशन. 2 वर्षांनंतर जगण्याचं प्रमाण लगेच ऑपरेशन केलेल्यांपेक्षा कमी नव्हतं. पण तिथं भरवसा एका स्कॅनवर नव्हता. एंडोस्कोपी, खोलवरचे तुकडे, अल्ट्रासाऊंड, पेट, हे सगळं पुन्हा पुन्हा केलं. आणि बऱ्याच जणांना पुढे ऑपरेशन लागलंच.

तेव्हा त्या श्रोत्यांना आमचं सांगणं एवढंच: रिपोर्ट घेऊन डॉक्टरांसमोर बसाल, तेव्हा ‘काही दिसलं का?’ एवढ्यावर थांबू नका. ‘असता, तर यात दिसला असता का?’ हेही विचारा. निर्णय त्या उत्तरावर ठरू द्या.