लिंडाची पाव सेकंदाची हूल

३० जुलै २०२३ या दिवशी ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात महिलांच्या फुटबॉल विश्वचषकाचा एक सामना होता. जर्मनी विरुद्ध कोलंबिया. जर्मनीचा संघ दोनदा जगज्जेता आणि त्या वेळी जागतिक क्रमवारीत दुसरा. कोलंबियाचा नंबर पंचविसावा. विश्वचषकाच्या गटातल्या सामन्यात जर्मनीच्या मुलींना १९९५ नंतर कुणीच हरवलेलं नव्हतं. त्यामुळे निकाल काय लागणार हे बहुतेकांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

दुसरा हाफ सुरू होऊन जेमतेम सात मिनिटं झाली होती. गोलफलक ०-०. गोलासमोरच्या मोठ्या चौकटीत, डाव्या हाताला, चेंडू लिंडा कायसेदोच्या पायाशी आला. लिंडा तेव्हा फक्त १८ वर्षांची होती. समोर दोन जर्मन बचावपटू, दोघी कसलेल्या. जागा किती? दोन पावलं टाकायलाही पुरणार नाही इतकी. लिंडानं अंगाला एक हलकासा झोल दिला, चेंडू पायानं ओढून घेतला आणि त्या दोघींच्या मधून ती निसटली. पुढच्याच क्षणी उजव्या पायानं चेंडू उडवला. तो हवेत वळत वळत गेला आणि गोलाच्या पलीकडच्या वरच्या कोपऱ्यात शिरला. जर्मनीची गोलकीपर मेर्ले फ्रोम्स झेपावली, पण चेंडू तिच्या हाताला लागला नाही. त्या संपूर्ण विश्वचषकातला सर्वोत्तम गोल म्हणून चाहत्यांनी याच गोलाला मतं दिली.

मी हा गोल पुन्हा पुन्हा बघते, आणि दर वेळी माझी नजर चेंडूवरून हटून त्या दोन बचावपटूंच्या पायांकडे जाते. त्या दोघी लिंडापेक्षा अनुभवी होत्या, मग त्या जागच्या जागी खिळल्यासारख्या का झाल्या?

हे समजून घ्यायला एक प्रयोग करा. तीस सेंटिमीटरची फूटपट्टी घ्या. मित्राला ती वरच्या टोकाला धरून उभी लटकवायला सांगा. खालच्या टोकाजवळ, शून्याच्या आकड्यापाशी, तुम्ही अंगठा आणि बोट उघडं ठेवा. पट्टीला स्पर्श करायचा नाही. मित्र न सांगता पट्टी सोडेल, ती तुम्ही चिमटीत पकडायची. पट्टी कितव्या सेंटिमीटरवर पकडली गेली ते बघा. वीसच्या आसपास पकडली, तर तुम्हाला साधारण ०.२ सेकंद लागला. म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा.

हा वेळ जातो कुठे? पट्टी सुटल्याचं डोळ्याला दिसतं. तो निरोप मेंदूच्या मागच्या भागात जातो. तिथे 'काय दिसलं' हे उमगतं, मग 'पकड' असा हुकूम तयार होतो आणि तो मज्जारज्जूतून हाताच्या स्नायूंपर्यंत पोचतो. नसांमधून निरोप फार वेगानं धावतात. खरा वेळ खातो तो मेंदूतला विचार. आणि लक्षात घ्या, तुम्हाला आधीपासून माहीत होतं की पट्टीच पडणार आहे आणि ती खालीच जाणार आहे. बचावपटूला मात्र चेंडू डावीकडे जाईल की उजवीकडे, हेही ठरवायचं असतं. त्याला आणखी वेळ लागतो.

म्हणून चांगला बचावपटू वाट बघत बसत नाही, अंदाज बांधतो. समोरच्याचे खांदे कुठे झुकले, कंबर कुठे वळली, पाऊल कुठे पडलं, यावरून पुढची चाल आधीच ओळखतो. लिंडा नेमकं हेच ओळखून आहे. ती अंग एका बाजूला झुकवते आणि समोरचीच्या मेंदूला चुकीची बातमी पोचवते. कबड्डीत चढाई करणारा खेळाडू जशी हूल देतो, तशीच ही हूल. समोरचीच्या मेंदूनं 'डावीकडे चल' असा हुकूम सोडला, की त्याच क्षणी लिंडा उजवीकडे. आता मेंदूला पहिला हुकूम रद्द करून दुसरा सोडायचा आहे. पण एका निरोपाचं काम चालू असताना दुसरा आला, तर त्याला थोडं थांबावं लागतं. मेंदूची ही मर्यादा तुमच्या-माझ्यात आहे तशीच जगज्जेत्यांमध्येही आहे.

आणि समजा, दुसरा हुकूम पटकन सुटला, तरी पाय हलायला हवेत ना! त्यासाठी दुसरा प्रयोग. भिंतीला उजवी बाजू लावून उभे राहा. उजवा खांदा आणि उजव्या पावलाची कड भिंतीला चिकटलेली हवी. आता डावा पाय जमिनीवरून उचलून तसंच उभं राहायचा प्रयत्न करा. जमतंय? नाही जमणार. एक पाय उचलायचा तर शरीराचा सगळा भार आधी दुसऱ्या पायावर घ्यावा लागतो आणि भिंत तुम्हाला तिकडे कलू देत नाही. हुलीला फसलेल्या बचावपटूचं असंच होतं. तिनं सगळा भार एका पायावर टाकलेला असतो. तो पाय उचलायचा तर आधी भार परत दुसऱ्या पायावर न्यायचा. एवढ्यात लिंडा पुढे गेलेली असते. सुसाट पळणाऱ्या खेळाडू पुष्कळ आहेत. पण समोरचीचा भार नेमका कधी एका पायावर आला हे ओळखून त्याच क्षणी निसटणं, हे लिंडाचं खरं कसब आहे, असं मला वाटतं.

आता तो वळणारा चेंडू. उजव्या पायाच्या आतल्या बाजूनं चेंडूला मधोमध न मारता किंचित उजवीकडे मारलं, तर चेंडू पुढे जाता जाता स्वतःभोवती गरगर फिरतो. फिरणारा चेंडू आपल्या अंगालगतची हवा ओढून नेतो आणि मागे जाणारी हवा एका बाजूला ढकलतो. चेंडूनं हवेला उजवीकडे ढकललं की हवा चेंडूला डावीकडे ढकलते. हाईनरिख मॅग्नस या शास्त्रज्ञानं १८५२ मध्ये यावर प्रयोग केले होते, म्हणून याला 'मॅग्नस परिणाम' म्हणतात. क्रिकेटमध्ये फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडण्याआधीच हवेत बाजूला सरकतो, त्यामागेही हाच परिणाम आहे. मॅग्नस स्वतः जर्मन होता, आणि त्याच्याच नियमानं जर्मनीवर गोल झाला!

गोलकीपरचं काय झालं असेल? गोलाची रुंदी ७.३२ मीटर. मधोमध उभं राहिलं तरी दोन्ही बाजूंना साडेतीन मीटरहून जास्त मोकळी जागा उरते. ताशी ९० किलोमीटर वेगानं मारलेला चेंडू १५ मीटर अंतर ०.६ सेकंदात कापतो. त्यातले ०.२ सेकंद नुसतं 'मारला' हे कळण्यातच जातात. शिवाय असा चेंडू सुरुवातीला खांबाच्या बाहेर जातोय असं दिसतं आणि नंतर तो आत वळतो. संशोधकांनी व्यावसायिक फुटबॉलपटूंना संगणकावर तयार केलेले असे वळणारे चेंडू दाखवले आणि 'गोलात जाईल की बाहेर?' असं विचारलं. अनुभवी गोलकीपरही चुकले. चेंडूचा वेग आणि दिशा आपला डोळा झटकन हेरतो, पण दिशा सतत बदलत असेल तर पुढचा हिशेब मांडणं त्याला अवघड जातं. झाडावरून पडणारं फळ असं हवेत वळत नसतं, त्यामुळे आपल्या डोळ्यांना तशी सवयच झालेली नाही.

आता थोडं लिंडाबद्दल. तिचा जन्म २२ फेब्रुवारी २००५ चा, कोलंबियातल्या काली शहराजवळच्या कांदेलारिया भागातला. लहानपणी ती मुलांबरोबरच फुटबॉल खेळायची. चौदाव्या वर्षी ती 'अमेरिका दे काली' या व्यावसायिक क्लबकडून मैदानात उतरली आणि त्याच वर्षी, २०१९ मध्ये, तो क्लब देशाचा विजेता झाला. म्हणजे आपल्याकडे जी मुलगी आठवी-नववीत असती, ती तिकडे मोठ्या बायकांच्या संघात गोल करत होती. त्याच वर्षी ती देशाच्या मुख्य संघातही खेळली.

पंधराव्या वर्षी मात्र तिला अंडाशयाचा कर्करोग झाल्याचं निदान झालं. कर्करोगात शरीरातल्या काही पेशी थांबायचं विसरतात आणि भराभर वाढत सुटतात. लवकर लक्षात आलं तर शस्त्रक्रिया आणि औषधोपचारानं पुष्कळ जण पूर्ण बरे होतात. लिंडाची शस्त्रक्रिया झाली, उपचार झाले. आपण पुन्हा खेळू की नाही याची भीती वाटत होती, हे तिनं पुढे मोकळेपणानं सांगितलं आहे. बरी होऊन ती परत आली ती 'देपोर्तिव्हो काली' या क्लबकडून, आणि २०२१ मध्ये तो क्लबही विजेता झाला!

आणि बरं का, लिंडा आपल्याकडेही येऊन गेली आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. त्यातला कोलंबिया आणि नायजेरियाचा उपांत्य सामना गोव्यात मडगावच्या फातोर्ड्याला होता. पूर्ण वेळेत एकही गोल नाही, मग पेनल्टीवर कोलंबिया ६-५ नं जिंकली. अंतिम सामना ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. कोलंबियाचा कुठलाही संघ, मुलांचा असो की मुलींचा, फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पहिल्यांदाच पोचला होता. समोर स्पेन. शेवटची काही मिनिटं उरली असताना कोलंबियाच्याच एका बचावपटूला लागून चेंडू स्वतःच्या गोलात गेला आणि स्पेन १-० नं जिंकला. तुमच्यापैकी कुणाचे ताई-दादा तो सामना बघायला गेले असतील, तर त्यांना जरूर विचारा. लिंडा त्यांना नक्की आठवत असेल.

फेब्रुवारी २०२३ मध्ये, अठरावा वाढदिवस होताच, स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबनं तिला घेतलं. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे अठरा वर्षांखालच्या खेळाडूला परदेशी क्लबमध्ये सहसा जाता येत नाही, म्हणून तोवर थांबावं लागलं.

आता जरा तारखा जोडून बघा. जुलै २०२२ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या महिला संघांची 'कोपा अमेरिका' स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात कोलंबिया ब्राझीलकडून हरली, तरी स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली लिंडा. ऑगस्टमध्ये कोस्टा रिकात २० वर्षांखालील विश्वचषक. ऑक्टोबरमध्ये भारतात १७ वर्षांखालील विश्वचषक. मग नवा देश, नवा क्लब. आणि जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधला मोठा विश्वचषक. एका वर्षात तीन विश्वचषक, आणि तिन्हींत तिनं गोल केले. हे वाचून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, आणि काळजीही वाटते. जर्मनीच्या सामन्याच्या काही दिवस आधी सरावात लिंडा छातीवर हात ठेवून मैदानावर खाली बसली होती. ती थकली आहे, असं संघाकडून सांगण्यात आलं.

थकव्यात शरीराचं काय होतं? स्नायूंवर सतत ताण पडला की त्यांच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते. त्यांची डागडुजी विश्रांतीत होते, त्यातही गाढ झोपेत जास्त. वाढीच्या वयात हाडं आणि स्नायूंच्या वाढीलाही तेव्हा मदत होते. झोप पुरी झाली नाही तर आपण पट्टी पकडायला जास्त वेळ लावतो. एखाद्या रात्री उशिरा झोपलात, की दुसऱ्या सकाळी प्रयोग करून बघा. ज्या खेळाडूचा सगळा खेळ पाव सेकंदावर उभा आहे, तिला झोप सरावाइतकीच लागते. लहान वयात चमकणाऱ्या मुलामुलींना मोठ्या माणसांनी एकामागून एक स्पर्धांना जुंपू नये, असं मला मनापासून वाटतं.

वळणाऱ्या चेंडूची आणखी एक गंमत लिंडाच्या शेजारच्या देशात दिसते. कोलंबियाच्या शेजारी इक्वेडोर नावाचा देश आहे. त्याची राजधानी कितो समुद्रसपाटीपासून सुमारे २,८५० मीटर उंचावर आहे. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर, म्हणजे कितो त्याच्याही खूप वर! तिथली हवा समुद्रकिनाऱ्यापेक्षा साधारण पाव हिस्सा विरळ. हवा कमी म्हणजे चेंडूला अडवणारं कमी, म्हणून चेंडू वेगात जातो. पण त्याला वळवणारी हवाही कमी, म्हणून तो कमी वळतो. समुद्रकाठी अचूक बसणारा फटका तिथे खांबाबाहेर जाऊ शकतो. खेळाडूंना धापही लवकर लागते, कारण प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. २ ऑगस्ट २०२५ रोजी कोपा अमेरिकाचा अंतिम सामना याच शहरात झाला. पुन्हा कोलंबिया विरुद्ध ब्राझील. पहिला गोल केला लिंडानं, पंचविसाव्या मिनिटाला. जादा वेळेनंतर सामना ४-४ असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टीवर ब्राझील जिंकलं. त्या विरळ हवेत या मुली १२० मिनिटं धावल्या!

पुढचा महिला विश्वचषक २०२७ मध्ये ब्राझीलमध्ये आहे. तोवर शाळेच्या मैदानावर, गल्लीत, टीव्हीवर जो सामना दिसेल तो बघा आणि एक काम करा. चेंडू ज्याच्याजवळ आहे त्याच्याकडे सगळेच बघतात. तुम्ही त्याच्या समोर उभ्या असलेल्या खेळाडूचे पाय बघा. भार कोणत्या पायावर आहे ते ओळखा, आणि चेंडू कुठून निसटणार ते आधीच सांगून शेजारी बसलेल्यांना चकित करा.