अर्जात ‘जंगली’ लिहू नका

जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं आणि बदलापूरकरांना झाडांचा एकदम पुळका आला. चांगलंच आहे. पण जांभूळ सोडून अंगणातल्या दुसऱ्या झाडाकडे बोट दाखवा, उत्तर ठरलेलं: ‘ते होय? जंगली आहे.’ एकीकडे पावसाळ्यापूर्वीची छाटणी, दुसरीकडे जुन्या बंगल्यांचा पुनर्विकास, अशा दिवसांत हे उत्तर महागात पडतं. स्वतःच्या कुंपणातलं झाड तोडायलाही परवानगी लागते. २०२१च्या कायदा-दुरुस्तीनंतर तर ५० वर्षांचं झाड ‘हेरिटेज’ ठरतं, आणि वयाचा अंदाज बांधायचा तर आधी जात कळायला हवी. रेन ट्री बघता बघता कवेत मावेनासा होतो, खिरणी मात्र संथपणे वाढते. नुसता घेर मोजून काय कळणार?

मग सगळे फोन काढतात. फोटोवरून नाव सांगणारी ॲप वाईट नाहीत, फूल दिसत असेल तर बरेचदा बरोबरही सांगतात. पण फोटोला वास नसतो आणि चीकही नसतो.

बदलापूर पूर्वेच्या एका अंगणात असंच एक झाड पाहिलं. कुणी लावलेलं नाही, तरी गच्चीच्या वर गेलेलं. फोनचं मत दर फोटोला बदलत होतं. ‘अहो, पान चुरगळून बघा की,’ घरच्या आजी म्हणाल्या. चुरगळलं, तर घाण वास. पानं साधी, एकाआड एक, खोड राखाडी. गच्चीच्या कोपऱ्यात कागदासारख्या चपट्या, गोल चकत्या वाळून पडलेल्या, प्रत्येकीच्या मधोमध एक बी. म्हणजे वावळ! तिची चकती वाऱ्यावर उडत येते, त्यामुळे लावणारा शोधण्यात अर्थ नाही.

आजींनी केलं तेच थिओडोर कुक यांनी शिस्तीत केलं होतं. हे गृहस्थ पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राचार्य, म्हणजे पेशाने वनस्पतीशास्त्रज्ञ नव्हेतच. त्यांचा ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ १९०१ ते १९०८ या काळात निघाला आणि अजून संदर्भाला काढला जातो. सह्याद्रीतल्या फुलांची पुस्तकं करणारे श्रीकांत इंगळहळीकर हेही इंजिनिअरच. मला यात नवल वाटत नाही. पानं समोरासमोर की एकाआड एक? साधी की संयुक्त? चीक येतो की नाही? एका उत्तरावरून पुढचा प्रश्न. बंद पडलेल्या पंपातला दोष फिटर असाच शोधतो. ऑर्डनन्स फॅक्टरी आणि एमआयडीसीत हयात घालवलेल्या अंबरनाथकरांना हे जड जाऊ नये.

अडतं ते बहुधा पहिल्याच प्रश्नाला. कडुनिंबाचं ‘पान’ म्हणून आपण तोडतो ती पर्णिका. अख्खी लांब काडी मिळून एक पान होतं. ओळखायची खूण म्हणजे बगलेतली कळी. ती पानाच्या देठापाशी असते, पर्णिकेपाशी नसते. एवढं कळलं की पुष्कळ घोळ मिटतात. बकाण हुबेहूब कडुनिंबासारखा वाटतो, पण त्याच्या पानाची काडी पुन्हा फाटे फोडते. फाटकाशी सरळसोट उभा असलेला ‘अशोक’ बहुतेक वेळा आसुपालव निघतो. सीतेचा अशोक पसरट वाढतो आणि त्याला केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात. उल्हासनगरात अंगणंच मोजकी, पण शेवगा चुकत नाही. त्याच्या फुलांची भाजी सिंधी घरांत आवडीने होते.

चीक तपासताना मात्र बोटं सांभाळा. बिब्ब्याच्या रसाने अंगावर फोड येतात, आणि पिवळी कण्हेर म्हणजेच बिट्टी विषारी असते. चव घेऊन झाड ओळखायच्या फंदात पडू नये.

एवढं करूनही नाव लागलं नाही तर फुला-फळासकट वीतभर डहाळी वर्तमानपत्रात दाबून ठेवा आणि जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा. मुंबईत झेवियर्समध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे, तिथे वाळवून जपलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. फूल नसेल तर मोसमाची वाट पाहावी लागेल. पालिकांनीही तोडणीच्या अर्जासोबत पान, साल आणि फळाचे फोटो सक्तीचे करावेत, आणि ‘जंगली’ लिहिलेला अर्ज सरळ परत पाठवावा.