एमआरआय गुडघ्याचा, एक्स-रे डोळ्यांचा!

‘गुडघ्याच्या एमआरआयआधी डोळ्यांचा एक्स-रे कशाला?’ लेथ, ग्राइंडर नाहीतर वेल्डिंगवर आयुष्य काढलेल्यांना हा प्रश्न हमखास पडतो. बिल वाढवण्याची ही युक्ती असावी, अशी शंकाही येते. पण त्यामागे एका माणसाने गमावलेला डोळा आहे.

१९८६ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात पत्र्याचे काम केलेल्या एका रुग्णाची हकिगत छापून आली. त्याच्या डोळ्यात लोखंडाचा साडेतीन मिलिमीटरचा कण राहून गेला होता, आणि त्याची कोणालाच कल्पना नव्हती. एमआरआयच्या चुंबकाने कण हलला, आत रक्तस्राव झाला आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. ते यंत्र ०.३५ टेस्लाचे होते. आज सर्रास असते ते १.५ टेस्लाचे, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीसेक हजार पट.

गंमत अशी, की डोळ्यातले लोखंड आणि चुंबक यांची गाठ आधी पडली ती उपचारासाठी. १६२४ मध्ये मारी कोलिने या सुईण आणि शल्यचिकित्सक बाईंनी रुग्णाच्या डोळ्यात रुतलेला पोलादाचा कण चुंबकाने ओढून काढला. त्यांचे पती विल्हेल्म फाब्री हे नामवंत शल्यविशारद. कल्पना पत्नीचीच, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले. तरी श्रेय बहुतेकदा पतीच्याच नावावर लागत आले. मारीबाईंचे नाव नेत्रवैद्यकाच्या प्रत्येक वर्गात घेतले जायला हवे.

आता डोळ्यातला असा कण शोधणाऱ्या एक्स-रेविषयी. चष्मा, कानातले, नथ, केसांतल्या पिना काढायच्या. बहुधा चेहरा पाटीला टेकवून, किरण डोक्याच्या मागून सोडतात. त्यामुळे डोळ्यांच्या भिंगांना मात्रा कमी मिळते. एक फिल्म वर बघून, दुसरी खाली बघून काढतात. संशयित ठिपका नजरेबरोबर सरकला, तर तो डोळ्याच्या गोळ्यातच असण्याची शक्यता मोठी. पाटीवरची धूळही असाच ठिपका दाखवू शकते, म्हणून ती आधी पुसून घेतात. मोतीबिंदू होईल ही भीती नको. त्यासाठी धोक्याची मानलेली मात्रा या तपासणीपेक्षा शंभर पटींहून जास्त आहे. गरोदर असाल तर मात्र आधी सांगा.

या फिल्ममध्ये लोखंड उठून दिसते. लाकडाचे कुसळ, प्लास्टिक, पडद्याचे आजार, काचबिंदू यांतले काही दिसत नाही. अपघातात खोबणीचे पातळ हाड मोडल्याचा संशय असेल, तर सीटी स्कॅनच भरवशाचा.

तरीही धातूकाम करणाऱ्या प्रत्येकाला एक्स-रे लागतोच असे नाही. आधी विचारले जाते ते हे: डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का? त्यासाठी डॉक्टरांकडे जावे लागले का? तो पूर्ण निघाला का? दुखापतीनंतरचा डोक्याचा सीटी झालेला असेल तर तोच पुरतो. म्हणून जुने रिपोर्ट सोबत न्या. तीस वर्षांपूर्वी छिन्नीचा कपचा उडाला होता आणि ‘आपोआप निघाला’ असे वाटले होते, तर तेही सांगा, आणि एमआरआयच्या खोलीत पाऊल टाकण्याआधी सांगा. तपासणी चालू नसली, तरी ते चुंबक रात्रंदिवस चालूच असते.