सायलेन्सर बदलताय? जरा थांबा!

रविवारी होस्टेलच्या पार्किंगमध्ये पाने-पकडी घेऊन एक 'ऑपरेशन' हमखास चालतं: एअर फिल्टर काढ, फ्री-फ्लो सायलेन्सर लाव. आवाज वाढतो, पिकअप मात्र जेमतेम! असं का?

एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. कार्ब्युरेटरच्या गाडीत दोन्ही वाटा मोकळ्या केल्या की हवा वाढते, पण मेन जेट तेवढाच राहतो. मिश्रण 'लीन' होतं, इंजिन तापतं; फुल थ्रॉटलवर पिस्टनही जाऊ शकतो. शिवाय फिल्टरविना आत गेलेली धूळ सिलिंडर खाते. म्हणून फिल्टर राहू द्या, सायलेन्सरबरोबर जेट थोडा मोठा घ्या आणि प्लग उघडून बघा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढरा असेल तर पेट्रोल कमी पडतंय.

पण त्याआधी टॅपेट, प्लगचा गॅप, चेन आणि टायरमधली हवा तपासा. हरवलेली ताकद बऱ्याचदा इथेच सापडते, तीही मेसच्या एका जेवणाच्या खर्चात!

पिकअपच हवाय? मागचं स्प्रॉकेट ४२ ऐवजी ४४ दातांचं बसवा. चाकावरचा टॉर्क सुमारे ५ टक्के वाढतो, पण त्याच आरपीएमला वेग तेवढाच उतरतो. फुकट काहीच मिळत नाही, हे थर्मोडायनॅमिक्सचे सर सांगत होतेच की!